अडगावचे दोन भाऊ

दिवाळीच्या सुटीत मुले घरी आली, की एक दिवस सर्वांनी मिळून कोठेतरी बाहेर पडायचे, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. गेल्या साली अकोल्याहून निघालो, ते अकोटवरून अडगावला गेलो. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असे धाकट्या नातीने विचारले. मी म्हणालो, "शेत." ती हिरमुसली; आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही. कपाशी वेचणीला आलेली, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, एवढेच तेथे दिसते. बांधावरचा एक म्हातारा आमच्याकडे पाहून म्हणाला, "कायचं पाहता जी? काईच नाई राह्यलं आता."

पण २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच शिवारात नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ इंग्रजांसमोर उभे होते. दिवस मावळल्यावर चांदण्यात पाठलाग चालला, अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या आणि वऱ्हाडचे भवितव्य ठरून गेले. हे सारे शाळेच्या पुस्तकात असते. मला नातवंडांना सांगायची होती ती गोष्ट वेगळी. त्या दिवशी येथे दोन भाऊ समोरासमोर आले होते. भोसल्यांच्या फौजेचा सेनापती मनू बापू, हा राजे रघूजी भोसले यांचा भाऊ. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, हा गव्हर्नर जनरलचा भाऊ. सेनापती आपल्याकडे रक्ताच्या नात्याने नेमले जात आणि इंग्रजांकडे गुणांनी, असे आम्ही लहानपणी शिकलो. निदान अडगावापुरते तरी ते खरे नव्हे.

त्या काळी इंग्रजांच्या राजाच्या पलटणीत अधिकारपद रोख पैसे मोजून विकत घेता येई. १७९३ मध्ये हा वेलस्ली चोवीस वर्षांचा असताना लेफ्टनंट कर्नल झाला, तो थोरल्या भावाच्या पैशावर. तोवर त्याने एकही लढाई पाहिली नव्हती. पुढे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटावर हल्ला चढविला तो जनरल बेअर्डने. याच शहरात त्याने पूर्वी टिपूच्या घराण्याच्या कैदेत वर्षे काढली होती. पण शहर पडल्यावर त्याचा कारभार मिळाला तो बेअर्डहून कनिष्ठ असलेल्या वेलस्लीला. बेअर्डला हे आयुष्यभर सलले, यात नवल ते काय?

कंपनीच्या पलटणीतील अधिकाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. तेथे पद विकत मिळत नसे. जो जुना तो पुढे, असा रिवाज. माणूस वर चढेपर्यंत केस पिकत, आणि चढला तरी राजाचा अधिकारी त्याला आपल्या बरोबरीचा मानीत नसे. या दोघांच्याही खाली देशी सुभेदार. तीस वर्षे रणांगणावर काढलेला सुभेदार विलायतेहून कालच उतरलेल्या मिसरूड न फुटलेल्या पोराला सलाम करी, कारण त्याच्यापुढची पायरी जिन्याला बसविलेलीच नव्हती. पदांची ती खरेदी-विक्री १८७१ मध्ये बंद झाली. आपल्या मुलांना अधिकारी करणारी डेहराडूनची अकादमी निघायला १९३२ साल उजाडले.

आता यातली अडचण सांगतो. अडगावच्या लढाईत शिरसोलीजवळून पुढे येताना भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि इंग्रजांच्या तीन देशी पलटणी फुटून मागे पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला याच पलटणी शर्थीने लढल्या होत्या. वेलस्ली स्वतः त्यांच्यात घुसला, त्यांना थोपविले, नीट रांगेत आणून पुन्हा उभे केले. तो तेथे नसता तर लढाई हातची गेली असती, असे त्याचे स्वतःचे मत होते, आणि ते खोटे म्हणता येत नाही. म्हणजे वशिल्याने नेमलेला माणूस नेमका योग्य निघाला! माझा मुलगा लगेच म्हणाला, "मग बाबा, तक्रार कसली? शेवटी काम चांगले झाले ना?"

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. नव्हे, मीच ते कित्येक वर्षे स्वतःशी घोकले आहे. मी एका शाळेत मुख्याध्यापक झालो, तेव्हा मजहून चौदा वर्षांनी जुने असे एक गुरुजी तेथे होते. नियमाने ती जागा त्यांची. पण कार्यकारी मंडळात माझे मामा होते, आणि गुरुजींचे कोणीच नव्हते. पहिल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत गेलो, तो गुरुजी उठून उभे राहिले. मी संकोचून म्हणालो, "गुरुजी, बसा ना." ते म्हणाले, "हा मान खुर्चीचा आहे, सर. तुमचा नाही." त्यानंतर सतरा वर्षांत त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. शाळा माझ्या हाताखाली वाढली. लोकांनी माझे कौतुक केले. आणि मीही हळूहळू मानू लागलो, की मामांनी माणूस ओळखला.

वेलस्लीच्या हाताखाली असेच एक गुरुजी होते: कर्नल स्टीव्हन्सन, कंपनीच्या नोकरीत मुरलेला. अडगावच्या दिवशी तो इतका आजारी होता, की घोड्यावर बसवेना. हत्तीवरून लढाईत आला. कोणी म्हणेल, जुनेपणाने पद दिले की असे आजारी सेनापती वाट्याला येतात. हे म्हणणे मी झटकून टाकीत नाही. जुनेपणा म्हणजे योग्यता नव्हे.

पण पंधरा दिवसांनी गाविलगडचा वेढा पडला, तेव्हा काय झाले ते पाहा. दुसऱ्या दिवशी आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलो. मोटारीतसुद्धा त्या वळणांनी पोटात कालवते. दक्षिणेकडून वेलस्लीच्या तोफांचा त्या उंच तटापुढे फारसा इलाज चालला नाही. खिंडार पडले ते उत्तरेकडून, आणि तिकडे जड तोफा नेल्या त्या आजारी स्टीव्हन्सनच्या तुकडीने: रस्ता स्वतःच करायचा, आणि त्यावरून तोफा हातांनी ओढायच्या. बरोबरचा वाटाड्या दरीकडे बोट करून म्हणाला, "मानसायनं ओढल्या असन जी. बैलाले हे चढनं व्हते काय?" १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंह आणि त्याची माणसे तेथेच कापली गेली. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या अलीकडचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. वेलस्लीने आपल्या पत्रात स्टीव्हन्सनची मनापासून स्तुती केली आहे. गुरुजींच्या निरोपसमारंभात मीही अर्धा तास बोललो होतो. स्तुतीला काय लागते?

स्टीव्हन्सन सेनापती असता तर अडगाव जिंकला असता, असे मी म्हणत नाही. गुरुजींनी शाळा मजहून चांगली चालविली असती, असेही नाही. ते कधी कळणारच नाही. आणि मला बोचते ते हेच. ज्याला संधी मिळाली तो आपले यश पुरावा म्हणून पुढे करतो. ज्याला ती मिळाली नाही त्याच्याजवळ दाखवायला काय असणार? त्या पळालेल्या पलटणींतला एखादा सुभेदार, हाती अधिकार असता, तर आपली माणसे वेलस्लीच्या आधीच थोपवून धरता. अथवा न धरता. वेलस्ली वॉटर्लूपर्यंत गेला. मनू बापू इंग्रजांच्या कागदांत एका पराभवापुरता उरला. दोघेही आपापल्या भावाचे भाऊ. एकाचा वशिला विजयात बुडून गेला, दुसऱ्याचा पराभवामुळे उघडा पडला, एवढेच.

मुलाला मी यातले निम्मेच सांगितले. मामांचे नाव काढले नाही. त्याचा त्यांच्यावर फार जीव होता.

गुरुजी गेले, तेव्हा त्यांच्या घरी भेटीला गेलो होतो. त्यांच्या सुनेने एक वहीचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. दर वर्षीचे शाळेचे वेळापत्रक गुरुजी आधी घरी आखून पाहत, मग मजकडे आणीत. मी खाली सही करी. सतरा वह्या होत्या. पहिली उघडली, तर ती मी रुजू होण्यापूर्वीच्या मे महिन्यातली. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिले होते, 'मुख्याध्यापक', आणि पुढे स्वतःचे नाव. ते नंतर एकाच सरळ रेघेने खोडले होते.