कसर

मराठीत ‘कसर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कसर म्हणजे उणीव आणि दुसरी म्हणजे कपडे, पुस्तके खाणारी कीड. बीड जिल्ह्यातल्या आम्हा जुन्या मुस्लिम घरांना या दोन्ही चांगल्या ठाऊक आहेत. निझामाच्या अमलात कचेरीत वा मदरशात नोकरी केलेल्या बुजुर्गांच्या लोकरी शेरवान्या १९४८ नंतर हळूहळू पेट्यांत गेल्या. संस्थान गेले, तो पोशाख मिरवायचे दिवसही गेले. शेरवानी मात्र अमानत म्हणून उरली. घरच्या निकाहाला ती बाहेर काढावी, तर कॉलरपाशी, बाहीच्या टोकाला मसुराएवढी भोके पडलेली असतात.

कपडे खातो तो उडणारा पतंग नव्हे. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. खातात त्या त्याच्या अळ्या. लोकर, केस, पिसे यांतले केराटिन पचवण्याची शक्ती त्यांच्यात असते. त्यांना अंधार हवा, न हललेली घडी हवी, आणि घामाचा, तेलाचा किंवा सालनाचा डाग असला तर फारच उत्तम. म्हणजे माणसाच्या खुणा जिथे राहिल्या, तिथेच कीड अधिक लागते. धनगराच्या अंगावरच्या घोंगडीला ती सहसा शिवत नाही, कारण घोंगडी रोज वापरात आणि रोज उन्हात. आदराने मिटून ठेवलेल्या वस्तूचीच ती जास्त खबर घेते. डांबराच्या गोळ्यांचा उपयोग पेटी घट्ट बंद असेल तरच होतो. आमच्या पेट्यांची झाकणे कशी असतात, हे काय सांगावे!

भोक पडल्यावर दोन वाटा उरतात, ठिगळ आणि रफू. आमच्याकडच्या वाकळी ठिगळांच्याच असतात. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या बाडबिस्तऱ्यात त्या दिसतात आणि त्यांची कुणाला लाज वाटत नाही. हजरत उमर (र.) खलिफा असताना ठिगळांचा पोशाख घालत, ही कथा तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ठिगळ आपली हकीकत उघड सांगते. रफूचे मोठेपण मात्र न दिसण्यात आहे.

रफूगर आधी कापड झटकून उन्हात टाकतो, म्हणजे अंडी-अळ्या निघून जातात. मग त्याच शेरवानीच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या दाबातून एकेक धागा उपसतो. बाजारातल्या नव्या काळ्या धाग्याचा काळेपणा वेगळा पडतो. पन्नास वर्षे विटलेल्या कापडाशी पन्नास वर्षे विटलेलाच धागा जुळतो. भोकाच्या कडेपासून दूर, धड कापडात सुई घालून तो आधी उभा ताणा भरतो, मग आडवा बाणा. तिरप्या विणीचे कापड असेल तर दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून जायचे आणि प्रत्येक ओळीला एक घर सरकायचे. धागा ताणून ओढला की कापड चुरमडते, म्हणून वळणावर थोडी ढील सोडायची. मसुराएवढे भोक सगळी दुपार खाते.

आता प्रश्न असा, की इतके बेमालूम झाकणे ही प्रामाणिक गोष्ट आहे काय? आमच्या धर्मात दुसऱ्याचा ऐब झाकणे हे पुण्य मानले आहे. आणि प्रेषित मुहंमद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले, ही हदीसही आम्हाला पाठ आहे. टाका तोच. नातवाच्या अंगावर घालताना तो माया ठरतो, गिऱ्हाइकाला अखंड माल म्हणून विकताना दगा.

कापडापुरते हे सोपे आहे. रिश्ते जमवताना काय? मुलाची दारू सुटली असे सांगायचे, किंवा काहीच सांगायचे नाही. मुलीचा आजार ‘थोडी कमजोरी’ म्हणून उरकायचा. घरातले बुजुर्ग याला पर्दापोशी म्हणतात. आम्हाला यात एक फरक करावासा वाटतो. भोकामागे काळा कपडा चिकटवणारेही असतात. लांबून कळत नाही, पण भोक जिथल्या तिथे असते. रफूगराने भोक धाग्याधाग्याने खरोखर भरलेले असते. ज्याने व्यसन सोडून वर्षे काढली, त्याचा मागचा काळ मोहल्ल्यात उगाळायचा हक्क कुणाला नाही. तरीही ज्या मुलीचे आयुष्य त्या जागी ताणले जाणार आहे, तिला ती जागा माहीत असलीच पाहिजे. भरलेले कापड मजबूत असेल, पण ते भरलेले आहे. मोहल्ल्यापासून झाकावे आणि तिला निकाहाआधी सांगावे, याहून सोयीची वाट आम्हाला तरी दिसत नाही. रिश्ता मोडण्याची भीती खरी आहे, हे मान्य करूनच आम्ही हे म्हणतो.

या सगळ्यात रफूगराचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. काम जितके चांगले, तितका तो नाहीसा. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शाली दुरुस्त करत आले; त्यांचे काम लोकांसमोर आणायला प्रिया रविश मेहरा यांच्यासारख्या वस्त्र-कलावंताला झटावे लागले. आपल्या गावातही ‘दिसतच नाही, मग एवढे पैसे कशाचे?’ असे विचारणारे गिऱ्हाईक भेटते. जाणता रफूगर त्यावर वाद घालत नाही. तो शेरवानी उलटी करतो, ढिलीच्या बारीक गाठी मोजायला गिऱ्हाइकाचे बोट त्या जागी ठेवतो, आणि मगच मजुरी सांगतो.