भाकिताचा अंमल

अमेरिकेत 2021 या एकाच वर्षात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने लाखाहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंच्या मुळाशी फेंटॅनिलसारखी कृत्रिम द्रव्ये होती. अशा द्रव्याने श्वास मंदावू लागला की नॅलोक्सोन या उताऱ्याचा फवारा वेळेवर देणारे कोणी जवळ असणे, यावरच बहुधा जीव अवलंबून राहतो. पुढचा मृत्यू कोणत्या वस्तीत ओढवेल हे आगाऊ कळावे, ही इच्छा म्हणूनच मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी आरोग्य खात्याच्या साहाय्याने तसाच प्रयोग केला. राज्यातील 39 नगरांपैकी यदृच्छेने निवडलेल्या नगरांत संगणकाने वर्तवलेल्या जोखमीच्या वस्त्या सेवाभावी संस्थांना दाखवाव्यात, आणि त्यांनी नॅलोक्सोन घेऊन तेथे अगोदर पोहोचावे, अशी ती योजना होती. या भाकितात वस्तीचे नाव असते, माणसाचे नसते, हा तिचा मोठा गुण. याउलट नार्क्सकेअर ही प्रणाली औषधांच्या दफ्तरावरून रुग्णागणिक जोखमीचा 999 पर्यंतचा अंक काढून डॉक्टरापुढे ठेवते. तो कसा निघाला याचे सूत्र ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात, आणि ज्याच्या माथी तो लागला त्याने दाद मागावी कोठे? वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला संशयित ठरवून परत पाठवण्याचे सामर्थ्य ज्या अंकात आहे, तो वैद्यकाच्या सोयीचा म्हणून निर्दोष मानणे मला मान्य नाही.

वस्तीचे नावही निरुपद्रवी असतेच असे नाही. वॉशिंग्टन-बाल्टिमोर परिसरातील अमली पदार्थविरोधी यंत्रणेने 2017 पासून चालवलेल्या ओडीमॅप या नकाशावर अतिमात्रेच्या घटनांचे स्थळ आणि वेळ नोंदवली जाते, आणि तो नकाशा आरोग्य खाते व पोलीस खाते असे दोघांनाही खुला असतो. म्हणजे ज्या ठिपक्यावर एकाने औषध पाठवायचे, त्याच ठिपक्यावर दुसऱ्याला गस्त वाढवता येते. अतिमात्रेने मृत्यू ओढवल्यास द्रव्य पुरवणाऱ्यावर मनुष्यवधाचा खटला भरण्याची तरतूद अनेक राज्यांत आहे, आणि तो पुरवणारा पुष्कळदा शेजारी बसलेला मित्रच असतो. सोबती बेशुद्ध पडत असताना 911 हा तातडीच्या मदतीचा क्रमांक फिरवावा की नाही, असा विचार जेथे माणसाला करावा लागतो, तेथील कितीतरी घटना दफ्तरात येतच नाहीत, आणि दफ्तरात नसलेली वस्ती भाकितात सुरक्षित दिसते. भय जेथे सर्वाधिक, तेथेच मदत सर्वांत उशिरा, असा उफराटा न्याय मग यंत्र निर्विकारपणे अमलात आणते. ही नोंद पोलिसांपासून राखावी अशी मागणी मी करतो ती करुणेपोटी खरीच; पण ती मान्य झाल्यावाचून गणितही खोटेच पडणार आहे.

जीव वाचवण्यासाठी गोळा केलेली नोंद फौजदारी कामी वापरण्यास कायद्याने स्पष्ट मज्जाव हवा. आणि कोणत्या वस्तीकडे कोणी, काय घेऊन जायचे हे जेथे ठरते, त्या बैठकीत ही द्रव्ये घेणारी माणसे नकाराच्या पूर्ण अधिकारासह बसलेली हवीत.