नाकारलेली सत्ता, मागितलेला अधिकार

आज्ञा देण्याची सत्ता, हक्क आणि पात्रता हे तिन्ही अर्थ मराठीतील ‘अधिकार’ हा शब्द एकत्र वागवतो. सत्ता नाकारली जाते तेव्हा ते सुटे होतात. माहुलचे उदाहरण बोलके आहे. तानसा जलवाहिनीलगतची वस्ती हटवून अनेक कुटुंबांना तेथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी, घरे देण्यात आली. तेथील हवेपासून आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नमूद केले होते. २०१८ मध्ये अनेक रहिवासी ती घरे सोडून विद्याविहारच्या पदपथावर येऊन बसले.

बळ वापरावे लागते तेथे अधिकार आधीच संपलेला असतो, असे हॅना आरेन्ट मानतात. पदपथाने हा अंत केवळ दृश्यमान केला. मात्र नकार देणारे हेच लोक उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. नकारातून अराजकच उद्भवते हे भय आणि नकार म्हणजेच मुक्ती ही श्रद्धा, दोन्ही येथे अपुरी ठरतात. रहिवाशांनी सत्तेकडे तिची पात्रता मागितली. परंतु जिची आज्ञा नाकारली, त्या शासनसंस्थेकडेच निवाराही मागावा लागला. नकाराची मर्यादा या परावलंबनात आहे.