आणखी एक वर्ष

शास्त्रपाठ : लूक १३ : ६-९



गेल्या उन्हाळ्यात आमच्या परसातील अंजिराचे झाड ठेवावे की तोडावे, हा प्रश्न घरात तीन वेळा निघाला. निपाणीहून बेळगावास बदली होऊन आलो त्या वर्षी आम्हीच ते हौसेने लावले होते. चार वर्षे झाली, फळ नाही. पावसाळ्यात पानांवर तांबेरा पडतो आणि भाद्रपदात फांद्या बोडक्या दिसू लागतात. घरच्यांचे म्हणणे सरळ होते : त्या जागी कढीपत्ता तरी येईल.

त्याच महिन्यात मंडळीच्या कमिटीपुढे दुसरा एक प्रश्न आला. एक बंधू तीन वर्षे उपासनेस आले नाहीत. वर्गणी नाही, प्रभुभोजनास येणे नाही. त्यांचे नाव यादीतून कमी करावे काय? कमी करावे म्हणून जे हात वर झाले, त्यांत आमचाही होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील ओळी दुसऱ्याला केलेला उपदेश म्हणून कोणी वाचणार नाही.

निर्णय पुढील सभेवर गेला. त्या रात्री शास्त्रपाठ वाचताना माळ्याच्या बोलण्याकडे आमचे प्रथमच नीट लक्ष गेले. झाड चांगले आहे, असे तो म्हणत नाही. धन्याची तक्रार खोटी आहे, असेही म्हणत नाही. तो एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात आपण काय करणार ते सांगतो : भोवती खणीन, खत घालीन. पुरंदरच्या बाजूचे अंजीरवाले आजही हेच करतात. पावसाळ्यातला खट्टा बहार घ्यायचा की उन्हाळ्यातला मीठा, ते ठरवून ते झाडाचे पाणी तोडतात, ताण देतात, मग आळे खणून शेणखत घालतात आणि पुन्हा पाणी सुरू करतात. तेव्हा त्या माळ्याची दया कुदळ घेऊन आलेली होती. आमच्या दयेला कुदळ ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही खणावयास बसलो. दीड हातावर कुदळ खणकन वाजली. खाली जांभा! निपाणीच्या काळ्या मातीची सवय असल्यामुळे आम्ही तांबड्या मातीतही खोल खड्डा घेतला होता, आणि तो जांभ्यात हौदासारखा झाला होता. बेळगावचा पाऊस त्यात साचून राही. मुळे काळी पडली होती. झाडावर राग धरला, आणि त्याला बुडवणारा खड्डा आम्हीच खणलेला!

दुसरी चूकही आमचीच. रविवारी आवार स्वच्छ दिसावे म्हणून दर शनिवारी आम्ही पालापाचोळा जाळत असू. खानापूर तालुक्यातील रानात जाऊन पाहा. तेथील भीमगड २०११ साली अभयारण्य जाहीर झाले. त्या रानात खताची गाडी कोणी नेत नाही. मुसळधार पाऊस तांबड्या मातीतील कस धुऊन नेतो, पण पडलेले पान बुरशी, वाळवी आणि गांडुळे कुजवतात आणि त्यातलेच झाड पुन्हा उचलते. पान जाळले की त्यातील नत्र धुरात जाते, आणि राख पहिल्या वळवाबरोबर गटारात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आवाराच्या कोपऱ्यात मुलांकडून एक खड्डा भरून घ्यावा आणि वर्षाने उकरून दाखवावा. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात बागेची मशागत आणि राखण ही दोन्ही कामे माणसाकडे दिली आहेत, ते फळ्यावर लिहून जेवढे कळेल त्याहून अधिक त्या खड्ड्यापाशी कळेल.

ओघात निपाणीच्या एका भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. कुंडीतल्या मिरचीच्या पानांवर पिवळे-हिरवे डाग पडून ती आक्रसतात, काय फवारावे? ताई, विड्या वळून उठल्यावर हात साबणाने धुऊन मग रोपाला लावत चला. तंबाखूच्या पानातील मोझॅक रोगाचा विषाणू वाळल्यावरही वर्षानुवर्षे टिकतो आणि बोटांवरून मिरची-टोमॅटोत जातो. रोगट रोप उपटून टाका, त्यावर औषध नाही. आणि माव्यावर तंबाखूचा काढा मारण्याची आपल्याकडची जुनी रीत सोडून द्या. ते विष मधमाशीलाही सोडत नाही, अंगणातल्या मुलालाही नाही.

हे उत्तर लिहिताना आमचेच हात आम्हाला दिसले. त्या बंधूंविषयी आम्ही तीन घरी बसून बोललो होतो. त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

शेवटी गेलो. ते म्हशीचे दूध काढीत होते. "बसा, गुरुजी," एवढेच म्हणाले. चहा झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितले की, तीन वर्षांपूर्वी हंगाम बुडाला तेव्हा वर्गणी थकली, आणि भर उपासनेनंतर थकबाकीची यादी वाचली गेली. पहिले नाव त्यांचे. मुलगी शेजारी बसली होती. "त्या दिवसापासून पोरगी चर्चला चला म्हणत नाही," ते म्हणाले.

ती यादी वाचणारे खजिनदार आम्हीच होतो. आम्हाला तो रविवार आठवतदेखील नव्हता. आम्ही क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. आम्हीही लगेच उत्तराची अपेक्षा धरावी, हे योग्य नव्हते.

लेवीय १९ मध्ये नव्या झाडाचे फळ पहिली तीन वर्षे खाण्यास मनाई आहे. म्हणजे दाखल्यातल्या धन्याने तीनच नव्हे, कदाचित त्याहून अधिक वर्षे वाट पाहिली असेल. पुढच्या वर्षी झाडाला फळ आले की नाही, ते प्रभूने सांगितलेले नाही. शब्बाथ शाळेतील मुले हे हमखास विचारतात. शिक्षकांनी आपल्या पदरचे उत्तर देऊ नये.

आमच्या अंजिराखाली आता पाणी जाण्यास चर काढला आहे आणि माती उंच करून घेतली आहे. फणसाची एक फांदी छाटल्यामुळे सकाळचे ऊन पोहोचते. फळ अजून नाही. निघताना झाडाची गोष्ट निघाली तेव्हा त्या बंधूंनी विचारले, "शेणखत ताजे घातले काय?" आम्ही होय म्हणालो. ते पहिल्यांदा हसले. "कुजलेले घालायचे असते, गुरुजी." आठवड्याने दोन पाट्या त्यांनी मुलीबरोबर पाठवून दिल्या. नाव यादीत आहे. थकबाकी उपासनेत वाचू नये, असा ठराव आम्ही येत्या सभेत मांडणार आहोत.