मोजून घे

आमची आत्या धसईच्या बाजारात सुकी मासळी विकते. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात हे गाव आहे. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांची माणसं बाजाराला इथेच येतात. आत्याच्या एका टोपलीत बोंबील, दुसरीत करदी, तिसरीत सुकट. गिऱ्हाइकाने नोट दिली की ती शेजारच्या ओल्या फडक्याला अंगठा लावते आणि मोजते. दोनदा मोजते. दहाच्या तीन नोटा असल्या तरी दोनदा.

माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, एकदा तिला भाऊबीजेला पैसे दिले तेव्हाही तिने ते त्यांच्यासमोर मोजले. मी तेव्हा लहान होतो, मला ते फार लागलं. वडील मात्र शांत बसून राहिले. नंतर ती मला म्हणाली, "मोजण्यात अपमान कसला रे? आता नाही मोजले आणि घरी गेल्यावर एक नोट कमी भरली, तर मी संशय कुणावर घेऊ? माझ्या भावावरच ना?"

आत्याला अक्षर येत नाही. अंक मात्र पक्के आहेत. मोबाइलवरचे, नोटेवरचे, वजनकाट्यावरचे, सगळे. हे नीट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

8 नोव्हेंबर 2016च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा तिच्या पत्र्याच्या गल्ल्यात पाचशेच्या अकरा नोटा होत्या. कौलं बदलायला साठवलेल्या. दोन दिवसांचा धंदा बुडवून ती रांगेत उभी राहिली आणि खात्यावर भरून आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 1 डिसेंबरला, आमचं धसई महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. राज्याचे अर्थमंत्री आले होते. किराणावाला, औषधवाला अशा दुकानदारांकडे कार्ड घासायची मशीनं आली. टोपलीवाल्या बायकांकडे अर्थातच आली नाहीत. आत्या मला म्हणाली, "गाव कॅशलेस झालं म्हणतात, मग मी कुठल्या गावात बसते?" मी हसलो होतो. आज हसू येत नाही. पुढे बाजारात नोटा पुन्हा खेळू लागल्या तशी ती मशीनंही मागे पडत गेली.

खरा बदल नंतर आला, आणि तो कार्डाने आणला नाही. यूपीआय 2016च्या एप्रिलातच सुरू झालं होतं, पण आमच्या बाजारात ते पोहोचलं करोनानंतर. कल्याणहून मोटारसायकलवर येणारी पोरं बोंबील घ्यायची आणि विचारायची, "आत्या, स्कॅनर कुठंय?" स्कॅनर नाही म्हटलं की पिशवी परत टोपलीत रिकामी करून पुढे जायची. असे दोन-तीन बाजार गेले आणि तिने मला फोन केला.

मी कल्याणला नोकरी करतो, या गोष्टीतलं मला सगळं कळतं असं मी समजत होतो. एक जुना स्मार्टफोन घेतला, तिच्या जनधन खात्याशी जोडला, कार्डाचे शेवटचे सहा आकडे टाकून पिन तयार केला. पिन तिनेच ठरवला, मला पाहू दिला नाही. टोपलीच्या काठाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्कॅनरचा चौकोन बांधला. शेजारी रक्कम बोलून दाखवणारा डबा ठेवला. पहिल्या गिऱ्हाइकाने साठ रुपये पाठवले आणि तो डबा मराठीत बोलला तेव्हा आत्याने तोंडाला पदर लावला. आजूबाजूच्या बायका उठून बघायला आल्या.

तासाभरात शिकवणी संपवून मी संध्याकाळच्या गाडीने निघालो.

2023च्या जानेवारीत, म्हसा गावची जत्रा तोंडावर आलेली असताना, तिला एक फोन आला. बोलणारा हिंदीतून बोलत होता, मधूनमधून मराठी. आपण फौजेत आहोत, कॅम्पातल्या मेससाठी पंधरा किलो बोंबील हवेत, माणूस गाडी घेऊन येईल, पैसे आधी देतो. आत्याचा चुलत दीर फौजेत होता. फौज म्हटलं की तिचा जीव मोठा होतो. त्याने आधी पाच रुपये पाठवले. डबा बोलला. "आले ना मावशी?" "आले."

मग तो म्हणाला, "एकूण चौदा हजार. पण सरकारी नियम आहे, एका वेळी दोन हजारच सुटतात. सात वेळा पाठवतो. तुमच्या फोनवर दोन हजार दिसले की तुमचा नंबर टाकून घेत जा."

त्या नियमाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. यूपीआयमध्ये पैसे पाठवता येतात तसे तेव्हा कुणाकडे मागताही यायचे. मागणी समोरच्याच्या फोनवर उमटायची आणि त्याने पिन टाकला की पैसे मागणाऱ्याकडे जायचे. यातून फसवणूक व्हायला लागली म्हणून एका माणसाने दुसऱ्याकडे एका वेळी दोन हजारांपेक्षा जास्त मागू नयेत, असं बंधन यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय भुगतान निगमने घातलं होतं. म्हणजे माणसाला वाचवायला बांधलेला बांध चोराने पायरी म्हणून वापरला. तो बोलला ते निम्मं खरंच होतं, म्हणून ते पटलं.

आत्याच्या फोनवर दोन हजार उमटले. तिने काय केलं? तिने मोजलं. दोनवर तीन शून्यं. पुन्हा बघितलं. बरोबर. पिन टाकला. डबा बोलला नाही. "नेटवर्क आहे मावशी, सगळे झाले की एकदम बोलेल." दुसऱ्यांदा दोन हजार, पुन्हा मोजले, पुन्हा पिन. असं सात वेळा. प्रत्येक वेळी रकमेत एक पैशाची चूक नव्हती.

पैसा येतोय की जातोय, हे त्या पडद्यावर लिहिलेलं होतं. पण ते अक्षरात लिहिलेलं होतं.

बोंबील न्यायला कुणी आलं नाही. तिने पंधरा किलो वेगळे काढून गोणीत बांधून ठेवले होते. संध्याकाळी गोणी तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडून खात्यावर किती आहेत ते बघून घेतलं आणि ती गप्प झाली. चार दिवस कुणाला बोलली नाही. चार दिवस! त्या चार दिवसांची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. अशी चोरी झाली की 1930 या नंबरावर लगेच फोन करायचा असतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो, आणि तो पळत असतानाच मधल्या एखाद्या खात्यात अडवता येतो. एकदा एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडला की संपलं. तिथे तासांचा हिशेब असतो आणि आत्या चार दिवस लाजत बसली होती. ज्या बाईने आयुष्यभर पैसे दोनदा मोजले तिला लोक मूर्ख म्हणतील, याची ती लाज होती.

मी रविवारी गेलो तेव्हा गोणी ओटीवर दिसली, म्हणून विचारलं. ऐकलं आणि पहिलं वाक्य माझ्या तोंडून गेलं ते हे: "अगं, पैसे घेताना पिन टाकायचाच नसतो!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे तू मला कधी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. चौकोन बांधून दिला, डबा आणून दिला, आवाज कमी-जास्त कसा करायचा ते दाखवलं. हे एक वाक्य सांगायचं राहिलं. मला ते इतकं उघड वाटत होतं की ते सांगायचं असतं हेच माझ्या लक्षात आलं नाही.

1930वर तक्रार नोंदवली. दोन हजार रुपये वाटेतल्या एका खात्यात अडकवले गेले, बाकीचे बारा हजार निघून गेले होते. बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, "पिन तुम्ही स्वतः टाकलाय. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर आम्हाला काही करता येत नाही." नियमाप्रमाणे ते बरोबर बोलत होते. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 2017च्या जुलैचं परिपत्रक लागू होतं. ग्राहकाची चूक नसताना, बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काही बोजा येत नव्हता. पण पिन दुसऱ्याला सांगण्यासारख्या ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच असायचं. माझं भांडण त्या साहेबांशी नाही. त्या एका शब्दाशी आहे. निष्काळजीपणा. पडद्यावरची शून्यं दोनदा मोजणारी बाई त्या कागदावर निष्काळजी ठरली, आणि तिला वाचता येणार नाही अशी खूण पडद्यावर ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या कागदावर रकानाच नव्हता.

तिने स्कॅनर उतरवला. बोलका डबा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. मोटारसायकलवाली पोरं पुन्हा पुढे जायला लागली.

दोन-अडीच महिन्यांनी, मी गेलो असताना, तिने फोन माझ्या हातात दिला. "मला दोन्ही दाखव. पैसे येतात ते आणि जातात ते. बोलू नकोस, नुसतं दाखव." मी माझ्या फोनवरून तिला एक रुपया पाठवला, मग तिच्याकडून एक रुपया मागितला. ती पडद्याकडे बघत राहिली, मासळीत वाळू आहे का बघते तशी. मग म्हणाली, "पुन्हा." असं आठ-दहा वेळा झालं. शेवटी तिने बोट ठेवलं ते पिन टाकायच्या रिकाम्या जागांवर. "ही मोकळी घरं. येताना ही दिसत नाहीत. जाताना दिसतात."

ती उठली आणि तिचा पत्र्याचा गल्ला घेऊन आली. वर फट, पुढे कुलूप. फटीतून एक रुपया आत टाकला, तो खणकन वाजला. "यात टाकायला किल्ली लागली का? नाही. किल्ली कधी लागते? काढायला. एवढंच होय रे? मग तू मला गल्ला का नाही दाखवलास?"

पुढच्या बाजारात स्कॅनर परत टोपलीवर बांधला होता आणि गल्ला शेजारी ठेवला होता. भाजीवाल्या, बांगड्यावाल्या, कांदे-बटाटेवाल्या बायकांना ती तो रुपया टाकून दाखवत होती. किल्ली मागतोय तो चोर, असं सांगत होती. आपले चौदा हजार गेले तेही सांगत होती, आकड्यासकट, सगळ्यांसमोर. त्यावर बांगड्यावालीने खालच्या आवाजात तिचे तीन हजार कसे गेले ते सांगितलं. तिने तर घरीही सांगितलं नव्हतं.

2025च्या ऑगस्टमध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. इतकं मोठं काम कुठल्याही देशाला अभिमान वाटावा असं आहे आणि मलाही वाटतो. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पैसे मागायची ती सोय निगमने बंद केली. आत्याला मी हे सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे ती खोड यंत्रात होती?" मी म्हटलं, "यंत्रातही होती." ती काही बोलली नाही. टोपलीतले बोंबील वरखाली करत राहिली. मला वाटतं, त्या दिवशी तिच्या मनातून काहीतरी उतरलं.

गेल्या बाजारात मी तिच्यामागे बसलो होतो. कॉलेजातला एक पोरगा आला, शंभराची करदी घेतली, स्कॅन केलं आणि फोन तिच्यासमोर धरला. हिरवी खूण होती, शंभर रुपये होते. "गेले बघ आत्या." बोलका डबा गप्प होता. मुरबाडची एसटी लागली होती, कंडक्टर घंटी वाजवत होता, पोरगा एका पायावर उभा होता.

आत्याने त्याच्या फोनकडे पाहिलं नाही. ओल्या फडक्याला हात पुसले, मग पदराला कोरडे केले. स्वतःचा फोन उघडला आणि बोटाने यादी खाली ओढली.

"आत्या, गेलेत गं, दिसतंय ना. गाडी सुटेल माझी."

"सुटणार नाही," ती म्हणाली. "थांब बाळा, मोजून घेते."