मुक्याची साक्ष

आपली दिवाळी गायीपासून सुरू होते. लक्ष्मीपूजनाच्या आधी वसुबारस येते. नांदेड जिल्ह्याची लाल कंधारी आणि लातूरची देवणी या जातिवंत जनावरांचा ज्यांना अभिमान, त्या घरांतून तर हा दिवस नुसता पंचांगातला राहत नाही. परंतु जिला आपण ओवाळतो, तिच्यावर उपचारात अन्याय झाला तर तिच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाही.

समजा, कंधारकडच्या एखाद्या शेतकऱ्याची गाय विताना अडली. डॉक्टर आले, सुई टोचली आणि पहाटे गाय गेली. शेतकरी म्हणतो, "डॉक्टरनं मारली." डॉक्टर म्हणतात, "मला बोलावलंच उशिरा." ज्याचा जीव गेला, तो तिसरा पक्ष काहीच म्हणत नाही.

कायद्याने वाट आखून दिली आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यालाच हा व्यवसाय करता येतो. गावात आपण सर्वांनाच 'डॉक्टर' म्हणतो. पण पदविकाधारक पर्यवेक्षकाला पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारांचीच मुभा असते. तेव्हा सुई टोचणारा कोण, हे आधी पाहावे लागते. तो नोंदणीकृत असेल तर तक्रार नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते. परिषद त्याला आपली बाजू मांडण्याची संधी देते, चौकशी करते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. तो सरकारी नोकर असेल तर खात्याची चौकशी निराळी. खाते विचारते, हा नोकर कसा वागला? परिषद विचारते, हा वैद्य म्हणवून घेण्यास पात्र आहे काय?

गाय मेली एवढ्यावरून दोष ठरत नाही. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माणसांच्या डॉक्टरांविषयी हेच म्हटले : उपचाराला यश आले नाही म्हणजे हयगय झालीच, असे नव्हे. न्याय फळाचा नाही, वागणुकीचा करायचा. पण वागणूक कळावी कशी? शवविच्छेदन न होता गाय पुरली गेली की शरीराचा पुरावा मातीत गेला. मग उरतो दवाखान्यातला कागद : बोलावणे किती वाजता आले, काय आढळले, कोणते औषध दिले. मुक्या जनावराची जबानी म्हणून एवढेच शिल्लक असते, आणि ती लिहितो तोच, ज्याच्यावर आरोप आहे!

म्हणून मला वाटते, पशुवैद्याचा सर्वांत मोठा अपराध चुकलेली सुई नव्हे, खोटी नोंद होय. चूक माणसाची असते. खोटी नोंद मुक्याची जीभ कापते.

येथे आपलेही अंग झटकून चालणार नाही. विमा उतरलेले जनावर दगावले की दाखल्यासाठी आपणच डॉक्टरांच्या दारात उभे राहतो. "साहेब, तारीख तेवढी मागे-पुढे करा, गरीब माणूस आहे." डॉक्टरांना दया येते, लेखणी वळते. कोणाचे काय बिघडले? बिघडले ते इतकेच की, उद्या शेजाऱ्याची गाय हयगयीने मेली तर त्याच हातच्या कागदावर चौकशी करणाऱ्याने विश्वास का ठेवावा? आज आपल्या सोयीसाठी वाकलेली लेखणी उद्या डॉक्टरांच्या सोयीसाठीही वाकते.

डॉक्टरांचा न्याय डॉक्टरच करणार, मग ते एकमेकांना सांभाळून घेणारच, अशी कुरकूर ऐकू येते. तिच्यात तथ्य असेलही. परंतु रोग आणि औषध जाणणाऱ्यावाचून तो कागद वाचणार तरी कोण? वाचणारा जाणकार हवा, हे खरे. त्याहून आधी कागद खरा हवा. आणि तो खरा राहावा यासाठी, ज्या दिवशी खोट्यात आपला फायदा असतो, त्या दिवशीही आपण डॉक्टरांना खरे लिहू दिले पाहिजे.