पाऊस कुणाच्या घरातला?

जॉर्जियाच्या वाझिको चाचखियानीनं २०१७ साली व्हेनिसच्या बिएनालेत एक लाकडी घर उभं केलं. गावाकडचं, सोडून दिलेलं. सामानसुमान जागच्या जागी, अन् आत नळ्यांतून पाडलेला पाऊस. बाहेर कोरडं, आत धार! प्रदर्शन चाललं तोवर घर भिजत राहिलं.

आमच्या चाळीत हा पाऊस फुकट बघायला मिळतो. म्हणून मित्र भडकले : ज्यानं भोगलं त्यानंच दाखवावं. दुसऱ्याचं गळकं घर मांडणारा हा कोण?

मित्रांनो, मला एवढं सोपं वाटत नाही. त्यानं रडका माणूस तरी मांडला नाही. घर मांडलं, बघणाऱ्याला खिडकीबाहेर उभं केलं. गरिबाचं तोंड विकणारे वेगळे. ते आपल्यातही आहेत.

बरं, भोगलेला खरंच बोलतो का? आंद्रो वेकुआ सुखुमीचा. अबखाझियातल्या १९९२-९३ च्या लढाईत त्याच्या कुटुंबाला शहर सोडावं लागलं. पुढं त्यानं तिथल्या इमारतींच्या प्रतिकृती केल्या, आठवणीतून अन् फोटोंवरून. हक्क पुरेपूर त्याचा. काहीही रचलं असतं तर कोण विचारणार होतं? पण जे आठवलं नाही, फोटोतही सापडलं नाही, ती भिंत त्यानं कोरी ठेवली.

आपल्या कवितेत अशी कोरी भिंत किती जण ठेवतो?